येणाऱ्याचा घास

हॉस्पिटलच्या तळघरात जिथे चादरी धुतात, तिथे सकाळी दहाच्या सुमाराला इतकी वाफ साठते की समोरचा माणूस आधी आवाजावरून कळतो आणि मग हळूहळू दिसायला लागतो. या वाफेच्या पलीकडे, काचेच्या दाराआड, टाकेबाईचं शिलाई मशीन होतं. फाटक्या चादरी, तुटके बंद, उसवलेले गाऊन, जे काही धड नसेल ते तिच्यापुढे येऊन पडायचं. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सत्तावीस वर्षं टाके घातल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?

कामाला वाघ होती, पण एक खोड होती. मशीन चालू, हाताखालून चादर सरकते आहे, डोळे टक्क उघडे, आणि बाई मात्र जागेवर नाही. "टाकेबाई गेल्या," असं म्हणून पोरी हसायच्या. त्या वेळात ती एका लांबलचक टेबलाशी असायची. टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं, म्हातारी, तरणी, कडेवरची पोरं, सगळी जेवताहेत, बोलताहेत, आणि हिला त्यातला एक शब्द कळत नाही. भीती मात्र वाटायची नाही. कुणीतरी न बघताच थोडं सरकून तिला जागा करून द्यायचं. ती बसणार, इतक्यात दोरा तुटायचा.

ही माणसं आईकडची, असं तिनं आपलं ठरवून टाकलं होतं. ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

खरी आईकडची माणसं तिनं कधी पाहिलीच नव्हती. सुट्टी लागली की वर्गातल्या पोरी आजोळी जायच्या, मामाच्या खोड्या सांगायच्या, मावशीनं दिलेला फ्रॉक घालून यायच्या. हिच्याकडे त्या बाजूला नुसती भिंत. आई नऊ-दहा वर्षांची असताना सरकारची गाडी डोंगरातल्या वस्त्यांवर आली होती आणि पोरं भरून घेऊन गेली होती. वसतिगृहात ठेवून त्यांना माणसांत आणायचं, असा सरकारचा बेत. आधी ती कुणात होती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. केस कापले, नावं बदलली, घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. पुढे तिथूनच आईला शहरात एका घरी कामाला धाडलं. ती परत वस्तीवर कधी गेली नाही, आणि त्याबद्दल कधी बोललीही नाही.

बोलायची नाही, पण सगळं दिसायचं. दारातून कुणीही आत आलं की आई उठून उभी राहायची. पाहुणा असो, दूधवाला असो, शाळेतून आलेली स्वतःची सात वर्षांची मुलगी असो. "आई, बस गं," असं म्हटल्याशिवाय बसायची नाही. टाकेबाईला वाटायचं, सगळ्या आया अशाच असतात. मग एकदा ती मैत्रिणीच्या घरी गेली, तर तिची आई पलंगावर मस्त लोळत पडलेली आणि उठायचं नाव नाही. हिला ती बाई फार उद्धट वाटली.

आईला जवळ घेणं जमायचं नाही. हात पुढे यायचा, मध्येच थांबायचा, आणि मुलीची कॉलर नीट करून परत जायचा. टाकेबाईला याचा राग होता. आई जाऊन आठ वर्षं झाली तरी त्यातला थोडा शिल्लक होता, कारण मेलेल्या माणसाशी भांडून तो संपवता येत नाही.

एकच गोष्ट आईनं हातात दिली होती. रोज, दोन्ही वेळेला, पहिला घास तोंडात घालण्याआधी आई पावाचा एक तुकडा मोडायची. तो रुमालाच्या कडेला ठेवून तीन वेढे गुंडाळायची, टोक आत खोचायची आणि रुमाल फळीवर ठेवायची. बाहेरून गाठ दिसायचीच नाही. जाडसर शिवण असावी, एवढंच वाटायचं. "टोक दिसता कामा नये," शिकवताना आई इतकंच म्हणायची. कुणासाठी ठेवायचं? "येणाऱ्यासाठी." दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा पाखरांना जायचा आणि रुमाल पुन्हा कामाला लागायचा.

लग्नानंतरही टाकेबाईनं हे सोडलं नाही. नवरा बस चालवायचा. तो फळीकडे बघून म्हणायचा, "तुमचा पाहुणा अजून स्टॉपवरच उभा दिसतोय. आमच्या डेपोची गाडी असणार." पण टाकेबाई तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा यानंच आठवणीनं दोन्ही वेळा तुकडा बांधून ठेवला. गाठ दोरखंडाला मारतात तसली होती. तिनं ती तशीच राहू दिली.

हा पूर्वजांसाठी राखलेला घास आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. दुसरं काय असणार? चार वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी, वहीपेन घेऊन, उचलून नेलेल्या मुलांच्या मुलाबाळांना भेटत फिरत होती. टाकेबाईनं तिला सगळं दाखवलं. मग पुस्तिका निघाली आणि त्यात 'पूर्वजांचा घास' नावाचं अख्खं पान. शेजारी रुमालाचं चित्र, वर डौलदार दोन पाकळ्यांची गाठ. "गाठ चुकलीय," टाकेबाई म्हणाली, आणि ते पान तिनं पंधरा वेळा वाचलं.

त्यानंतर सरकारनं माफी मागितली. माफी छापील होती, नावापुरती जागा कोरी ठेवलेली. तिच्यासोबत अशी सोय होती की नेलेल्या मुलांच्या वारसांना वस्तीच्या वहीत पुन्हा नाव घालता येईल. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी मात्र हे काम स्वतःकडे घेतलं. "तुमच्या नोंदी आम्ही एकदा पाहिल्यात," ते साहेबांना म्हणाले. त्यांना दाखले नको होते. यायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तुझ्या माणसानं तुला आमचं काय दिलं? मग हो की नाही, ते म्हातारी माणसं सांगणार. ज्या वस्तीतून मूल नेलं, त्याच वस्तीचं माणूस सांगणार.

टाकेबाई वर्षभर गेलीच नाही. नाही म्हणाले तर? न विचारता निदान नाही तरी ऐकावं लागत नव्हतं. पण लेकीला सातवा महिना लागला, आणि एका दुपारी पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "आई, याला सगळं एका बाजूचं सांगायला आहे. तुझ्या बाजूचं काय सांगू? आपण नक्की कुणाचे गं?"

 दुसऱ्या दिवशी टाकेबाईनं रजेचा अर्ज टाकला.

नवऱ्यानं मित्राची गाडी मागून आणली. घाटात धुकं इतकं होतं की रस्ता पुढे दोन हात दिसायचा, तेवढा संपला की आणखी दोन हात. झाडं यायची आणि विरायची. टाकेबाईला वाटलं, आपण तळघरातल्या वाफेतूनच चाललोय, फक्त आज थांबत नाही आहोत. मांडीवर रुमाल होता. तिनं तो तीनदा घडी केला आणि तीनदा उलगडला.

"नाही म्हणाले तर?" ती म्हणाली.

"तर जेवून परत येऊ," नवरा म्हणाला. "सूप देतात म्हणे."

वस्तीचं सभागृह म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मोठाल्या खिडक्या. खिडक्यांतून दुधाळ उजेड आत येत होता, त्यात माणसांच्या कडा पुसट झाल्यासारख्या दिसत होत्या. मधोमध लांब टेबल. चाळीसएक माणसं बसली होती, बरीचशी तिच्यासारखीच, चांगले कपडे घालून, घाबरून, एकमेकांकडे चोरून बघत. कुणी सरकून जागा वगैरे दिली नाही. तिनं आपली खुर्ची आपणच ओढली.

सूप आलं, पाव आला. तिनं तुकडा मोडला आणि मान वर केली, तर समोरचा माणूस तुकडा मोडत होता. त्याच्या शेजारची बाई रुमाल काढत होती. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात चालले होते, चाळीस तुकडे, चाळीस रुमाल. टाकेबाईच्या अंगावर काटा आला. आईचे हात, एवढे सगळे! तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपण पोचलो, आता कुणी काही विचारायचीही गरज नाही.

मग आपला तुकडा रुमालात गुंडाळून टोक खोचताना शेजारणीच्या रुमालावर तिची नजर गेली. वर दोन डौलदार पाकळ्या. पलीकडच्या रुमालावर तशाच. शेजारणीच्या पिशवीतून ओळखीच्या पुस्तिकेचा कोपरा डोकावत होता.

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?" टाकेबाईनं हळूच विचारलं.

"आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे," शेजारीण कुजबुजली. "पान बावीसवर."

टाकेबाईला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. बिचाऱ्यांकडे काही नव्हतं. हिच्याकडे एक तुकडा होता, तोच चाळीस जणांनी वाटून घेतला होता.

टेबलाच्या टोकाला बसलेली एकच म्हातारी रुमाल न काढता जेवत होती. अंगानं चिमणीएवढी, पाव सुपात बुडवून बुडवून खात होती आणि सगळ्यांकडे असं बघत होती, जणू पोरांचा खेळ कधी संपतो याची वाट बघतेय. शहात्तर वर्षांची ही बाई वस्तीभर 'धाकटी' म्हणून ओळखली जायची. नातवंडांच्या वयाची माणसंही तिला धाकटी आजीच म्हणायची. वहीत नाव घालण्याच्या टाकेबाईच्या अर्जावर सरकारी नोंदीतलं आईच्या वस्तीचं नाव होतं, आणि त्या वस्तीतून नेलेल्या मुलांपैकी जिवंत असलेली ही एकटीच. हो की नाही, हे तीच सांगणार होती.

जेवण झाल्यावर एकेकाला खिडकीजवळच्या छोट्या टेबलाशी बोलावलं. तिथे म्हातारी आणि शेजारी वही घेऊन बसलेला एक लेखनिक. टाकेबाईचा नंबर आला.

"बस," म्हातारी म्हणाली. "आईनं आमचं काय दिलं तुला?"

टाकेबाईनं रुमाल पुढे ठेवला. "हा घास. रोज ठेवायची. पूर्वजांसाठी."

"हे पुस्तकातलं आहे. आत्तापर्यंत सहा जणांनी हेच सांगितलं."

"पुस्तकात माझ्याकडूनच गेलं, आजी. आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून पुस्तकात."

"मग चूक तुझी," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "बाई, आपल्यात घास राखून ठेवत नाहीत. समोर जो बसलाय त्याच्या हातात देतात आणि विषय संपतो. मेलेल्यांना आपल्यात पाव लागत नाही. हे आपल्यातलं नाही. दुसरं काही असेल तर सांग."

दुसरं काही नव्हतं. टाकेबाईनं आठवून पाहिलं. मध्येच थांबणारा हात आठवला, दारात उठून उभी राहिलेली आई आठवली. हे द्यायचं म्हणजे काय द्यायचं? पन्नास वर्षं जे आपलं म्हणून उराशी धरलं, ते कुठलंच नव्हतं. लेकीला काय सांगणार? सूप चांगलं होतं, हे?

"नाही," ती म्हणाली. "दुसरं काही नाही दिलं तिनं मला. बोलायचीच नाही ती." ती उठली. रुमाल टेबलावरच राहू दिला. तो घरी नेऊन करायचं काय?

"अगं, हे तुझं घेऊन जा," म्हणत म्हातारीनं रुमाल उचलला. पाकळ्यांची गाठ चाचपायला तिची बोटं गेली आणि तिथे काहीच सापडलं नाही. नुसती जाडसर कड. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती, तिचं लक्षही नव्हतं, पण तिचा अंगठा आपणहून कडेच्या खालच्या बाजूला गेला आणि वर दाबला. तीन वेढे अलगद सुटले. तुकडा तिच्या तळहातावर पडला.

म्हातारीनं खाली पाहिलं.  लेखनिकानं "आजी?" म्हणून विचारलं, तेही तिला ऐकू गेलं नाही.

"ही गाठ कुणाची?" ती म्हणाली.

"आईची. टोक दिसता कामा नये म्हणायची."

"टोक दिसलं तर वसतिगृहाच्या बाईंना कळतं ना," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "नुसतं फडकं आहे असं वाटलं पाहिजे. आणि आतल्याला अंधारात एका हातानं सोडवता आली पाहिजे. थोरलीनं काढली होती ही युक्ती. माझ्यासाठी."

टाकेबाई पुन्हा खुर्चीवर बसली. 

म्हातारी सांगत गेली, तुटक तुटक, कधी हिला, कधी खिडकीला. ती सहा वर्षांची होती आणि घरची भाषा तिच्या तोंडातून जाता जात नव्हती. दर आठवड्याला कोळशाच्या खोलीत कोंडायचे, जेवण बंद. पलीकडच्या खाटेवर एक मोठी मुलगी होती, त्याच वस्तीतली. तिला सगळ्या थोरली म्हणायच्या, आणि हिचं धाकटी हे नाव तिनंच ठेवलेलं. थोरली फरशी पुसायच्या निमित्तानं त्या खोलीच्या दाराशी यायची आणि दाराखालच्या फटीतून फडकं आत सरकवायची. कडेत तुकडा असायचा. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन काढलेला.

"आणि मग एकदा आलंच नाही फडकं," म्हातारी म्हणाली. "पहिल्या दिवशी आलं. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी फटीत बोटं घालून बसले होते. बाहेर आले तर मुली म्हणाल्या, थोरली गेली, नवे बूट घालून गाडीत बसून गेली. मला वाटलं, बूट मिळाले आणि मला विसरली. सत्तर वर्षं शिव्या घातल्या मी तिला. नाव काढलं की थुंकायचे."

 आई आजारी होती तेव्हाची एक दुपार टाकेबाईच्या डोळ्यांपुढे उभी होती.

"शेवटच्या दुखण्यात तिला घास गिळवत नव्हता," ती म्हणाली. "तरी तुकडा बांधायला लावायची मला. मी वैतागले. म्हटलं, आई, बास आता, कोण येणार आहे? तर म्हणाली, 'ती अजून बाहेर आली नाही.' मला वाटलं, तापात बरळतेय."

म्हातारी ताडकन उभी राहिली. "चौथ्या दिवशी आले होते गं मी!" ती ओरडली, टाकेबाईकडे बघून नाही, तिच्या मागे कुणीतरी उभं असावं तशी. "चौथ्याच दिवशी सोडलं होतं! कुणी सांगितलं नाही तुला? कुणीच सांगितलं नाही?"

 लांब टेबलापाशी उरलेली माणसं आपापले रुमाल हातात घेऊन वळून बघत होती.

म्हातारी बसली. हातातला तुकडा तिनं टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला, कारण दात उरले नव्हते, आणि तो खायला लागली. सावकाश खाल्ला. मध्ये एकदा थांबली, डोळे पुसले, पुन्हा खाल्ला.  बोटाला चिकटलेला चुरा तिनं चाटून टाकला आणि रुमाल झटकून मांडीवर ठेवला.

लेखनिकानं बिचाऱ्यानं पेन उचललं. "आजी, मग काय लिहू? आपली प्रथा, की नाही?"

"प्रथा नाही," म्हातारी म्हणाली. "प्रथा कसली डोंबलाची. माझं जेवण आहे ते. लिही, हिची आई आमची. ही आमची. हिच्या पोटचं, त्याच्या पोटचं, सगळं आमचं. जागा पुरत नसेल तर पुढच्या पानावर जा."

टाकेबाईला पुढची अक्षरं दिसेनात. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईवरचा तो उरलेला राग शोधून पाहिला, तर त्या जागी फक्त फटीशी बसलेली एक लहान मुलगी आणि दुसऱ्या गावात फळीवर रुमाल ठेवणारी दुसरी, आणि मध्ये सगळं आयुष्य.

"कुठे पुरलंय तिला?" म्हातारीनं विचारलं.

"शहराबाहेर. टेकडीवर. गाडी आहे, आजी, माझा नवरा बाहेर उभा आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा तुम्हाला..."

"आत्ताच जाऊ. आणि आजी काय आजी? चाळीस जण म्हणतात मला आजी. थोरलीची मुलगी ना तू? मावशी म्हण."

हॉस्पिटलात हा शब्द टाकेबाईच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा यायचा. वॉर्डातल्या बाईला मावशी, पोतं उचलणारीला मावशी, नर्सपोरी तर हिलाच मावशी म्हणायच्या. आता तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. पुन्हा उघडलं, नुसते ओठ हलले.

म्हातारीनं घाई केली नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन ती तिच्याकडे बघत बसून राहिली. वाट बघायची तिला सवय होती.